तापमानाचा रकाना : दणक्याने पदार्थ का तुटतो हे शिकवण्याचा इतिहास



आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल. पदार्थाला अचानक दणका बसला की तो कसा तुटतो, हे माणसांना कसं कळत गेलं आणि ते विद्यार्थ्यांना कसं शिकवलं गेलं, हे आज पाहायचं आहे. या दोन गोष्टींचा इतिहास एकमेकांत इतका गुंतलेला आहे की एक सोडून दुसरी सांगता येत नाही.

सुरुवात घरातूनच करू. एक मेणबत्ती घ्या. उन्हाळ्याच्या दिवसांत ती हातात धरून हळूहळू वाकवली तर वाकते. तीच झटक्यात वाकवा, टचकन तुटते. आता दुसरी मेणबत्ती तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग हळू वाकवली तरी ती तुटेल. तिसरी गोष्ट कापडाच्या दुकानातली. दुकानदार मीटर मोजतो, काठाला कात्रीने एवढासा काप देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडतो. तो काप नसता, तर जोर लावूनही कापड सहज फाटलं नसतं.

झटका, थंडी आणि खाच. आजचं बरंचसं शास्त्र या तीन शब्दांत बसतं. मेण आणि कापड यांच्या आतली रचना वेगळी, पोलादाची वेगळी, हे खरं. पण पोलादालाही या तीन गोष्टी बाधतात, आणि तिन्ही एकत्र आल्या तर जहाजाचे दोन तुकडे होऊ शकतात. हे नीट समजायला इंजिनियरांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. मधल्या काळात माणसं मेली.

आता कॉलेजात जाऊ. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी इंजिनियरिंग किंवा डिप्लोमा केला असेल, त्यांना मटेरियल टेस्टिंगची लॅब आठवत असेल. एका कोपऱ्यात यूटीएम, आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाळीच्या मागे तो मोठा लंबक. साधारण वीस किलोचा हातोडा वर अडकवायचा, खाली खाच पाडलेला पोलादाचा छोटा तुकडा ठेवायचा, खटका ओढायचा. धाडकन आवाज होतो, तुकडा उडतो, काटा तबकडीवर कुठेतरी थांबतो. रीडिंग घ्या, जर्नलमध्ये लिहा, पुढचा प्रयोग. आपल्याकडे इचलकरंजी आणि मिरज या पट्ट्यात अशी परीक्षण यंत्रं बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे हे यंत्र मराठी विद्यार्थ्याला परकं नाही.

आम्ही शिक्षक मंडळींनी वर्षानुवर्षं ही जर्नल्स तपासली. रकाने ठरलेले असतात : नमुन्याचा पदार्थ, त्याची मापं, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, शोषलेली ऊर्जा ज्यूलमध्ये. आकडे बहुधा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आलेले असतात, तो भाग सोडून देऊ. पण एक रकाना आम्ही पाहिलेल्या बहुतेक जर्नल्समध्ये नव्हताच, आणि बरीच वर्षं आमच्याही ते लक्षात आलं नाही. तो म्हणजे तापमानाचा रकाना. प्रयोग मे महिन्यात केला की डिसेंबरात, सकाळी की भर दुपारी, याची कुठेही नोंद नाही. ज्या एका गोष्टीसाठी या यंत्राला इतिहासात एवढं महत्त्व आलं, तीच आपण वहीतून गाळली होती. ती तिथे का असायला हवी, ते आज सांगायचं आहे.

पहिला टप्पा रेल्वेचा. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, गाडी घसरली, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. आस अचानक तुटण्याचे प्रकार तेव्हा इतरत्रही होत होते. तुटलेल्या आसाचं तोंड पाहिलं की ते चमकदार, दाणेदार दिसे. चांगलं घडीव लोखंड तोडलं तर उसाच्या चोयट्यांसारखे तंतू दिसतात, हे लोहारालाही माहीत होतं. मग हे दाणे आले कुठून? त्या काळच्या अनेक जाणकारांनी निष्कर्ष काढला की गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची आतली घडणच बदलते, तंतूंचे स्फटिक होतात.

हा समज बराच काळ टिकला. तो मोडून काढण्यात मोठा वाटा असलेला माणूस प्राध्यापक नव्हता. डेव्हिड कर्कॅल्डी हा स्कॉटलंडमधला, ग्लासगोच्या नेपिअर यांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याने लोखंडाचे आणि पोलादाचे शेकडो नमुने ओढून तोडले आणि १८६२ साली त्याचे निकाल पुस्तकरूपाने छापले. त्यातलं एक निरीक्षण आपल्या विषयाचा पाया आहे. एकच लोखंडी पट्टी हळूहळू ओढून तोडली तर तोंड तंतुमय दिसतं. तीच झटक्याने तोडली तर दाणेदार, स्फटिकांसारखं दिसतं. म्हणजे लोखंड आतून बदललेलं नव्हतं. दाणे त्यात आधीपासूनच होते. सावकाश तोडताना ते ताणले जाऊन तंतू होतात आणि झटक्यात तोडताना त्यांना ताणायला वेळच मिळत नाही, एवढाच फरक.

सततच्या हेलकाव्यांनी आसात भेग हळूहळू वाढत जाते, हा वेगळा विषय आहे, त्याला थकवा म्हणतात. त्यात आज शिरत नाही. कर्कॅल्डीकडून घ्यायची गोष्ट अशी की कोणत्या जोराला तुटलं एवढंच लिहून तो थांबत नसे. तुटलेलं तोंड निरखायचं, कसं तुटलं त्याची नोंद करायची, हा त्याचा शिरस्ता. पुढे लंडनमध्ये सदर्क भागात त्याने स्वतःची परीक्षणशाळा काढली. मतं नकोत, तथ्यं हवीत, अशा अर्थाची अक्षरं तिच्या दारावर कोरलेली आहेत. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल गाडीसकट कोसळला, तेव्हा त्याचे तुकडे तपासणीसाठी याच्याकडेच आले होते.

दुसरा टप्पा एका तारेचा. १८७२ मध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी एक साधा प्रयोग केला. लोखंडी तार वरून टांगायची, खालच्या टोकाला अडथळा बसवायचा, आणि तारेत ओवलेलं वजन वरून सोडून त्या अडथळ्यावर आदळायचं. किती वजन किती उंचीवरून सोडलं की तार तुटते? आपल्यापैकी कुणीही म्हणेल की दुप्पट वजन घेतलं तर निम्मी उंची पुरेल. तसं झालं नाही. वजन किती आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. तार तुटणार की नाही, हे प्रामुख्याने उंचीवर, म्हणजे आदळण्याच्या वेगावर ठरत होतं. आणखी गंमत अशी की काही वेळा तार दणका बसलेल्या टोकाला न तुटता वरच्या, घट्ट बांधलेल्या टोकाला तुटे.

याचं उत्तर लाटेत आहे. दणका बसला की त्याची बातमी साऱ्या तारेला एकदम कळत नाही. ती पोलादात सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने लाटेसारखी धावते. त्या पहिल्या लाटेतला ताण फक्त वेगावर अवलंबून असतो. सव्वा मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला पाच मीटर होतो. तेवढ्या वेगाचा दणका पोलादी तारेत सुमारे २०० मेगापास्कल ताणाची लाट सोडतो. साध्या बांधकामाच्या पोलादाला कायमचा बाक यायला २५० च्या आसपास लागतात, म्हणजे टोकाशी तार वाचली. पण लाट वर गेली, घट्ट टोकावर आपटली आणि उलटली, की तिथे ताण दुप्पट होतो. ४०० झाला. म्हणून तार वर तुटते. हे गणित फळ्यावर तीन ओळींत होतं. पण तार हातात घेऊन दाखवली तर विद्यार्थी जन्मभर विसरत नाही.

जॉन यांचे चिरंजीव बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९०५ मध्ये वडिलांचा प्रयोग पुन्हा केला आणि दाखवलं की क्षणभरासाठी तार नेहमीपेक्षा बराच जास्त ताण न वाकता सोसते. पुढे १९१४ मध्ये केंब्रिजला त्यांनी स्फोटाचा आणि गोळीचा दणका मोजण्यासाठी लांब पोलादी दांड्याची युक्ती काढली. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांड्यांच्या मध्ये पातळ नमुना धरून त्याच युक्तीतून पदार्थ मोजायचं साधन बनवलं. आज आपल्या देशातल्या संशोधन प्रयोगशाळांतही ते वापरात आहे.

क्षणभर जास्त ताण सोसते, हे ऐकायला चांगलं वाटतं, नाही का? धोका नेमका इथेच आहे, आणि वर्गात याच जागी थांबावं लागतं. धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. सरकायला थोडा वेळ लागतो आणि थोडी ऊब लागते. झटका दिला तर वेळ नाही. थंडी असेल तर ऊब नाही. दोन्ही वेळा सरकणं अवघड होतं, म्हणून वाकण्यासाठी जास्त ताण लागतो. पण अणूंचे थर एकमेकांपासून सरळ फाटायला जो ताण लागतो, तो थंडीने किंवा झटक्याने फारसा बदलत नाही. वाकण्याचा ताण वर चढत चढत फाटण्याच्या ताणापर्यंत पोचला, की धातू न वाकताच फाटतो. खाच यात भर घालते. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि आजूबाजूचं जाड धातू तिथल्या भागाला सर्व बाजूंनी आवळून धरून सरकू देत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम यांची अणुरचना वेगळी असल्याने त्यांना थंडीची ही बाधा होत नाही. साध्या पोलादाला होते.

तिसरा टप्पा प्रयोगशाळेचा आणि लंबकाचा. विद्यार्थ्यांनी स्वतः नमुने तोडून पाहावेत ही कल्पना आज साधी वाटते. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अलेक्झांडर केनेडी यांनी अशी अध्यापनाची इंजिनियरिंग प्रयोगशाळा सुरू केली ती १८७८ च्या सुमारास. त्याआधी बहुतेक विद्यार्थी एकतर पुस्तक वाचत किंवा कारखान्यात उमेदवारी करत. रुळांवर, आसांवर वजन आदळून त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत कारखान्यांत होती. तुटलं की नापास, नाही तुटलं की पास. पण तुटायला नेमकी किती ऊर्जा लागली, हे त्यातून कळत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रसेल या इंजिनियरने लंबकाचं यंत्र पुढे आणलं. कल्पना फार देखणी आहे. लंबक अमुक उंचीवरून सोडला. वाटेत काही नसेल तर पलीकडे तो जवळजवळ तितकाच वर जाईल. मध्ये तुकडा तोडावा लागला, तर कमी वर जाईल. दोन उंचींमधला फरक म्हणजे तुकड्याने खाल्लेली ऊर्जा. मोजायला फक्त एक काटा पुरतो. १९०१ मध्ये फ्रान्सचे जॉर्ज चार्पी यांनी खाच पाडलेल्या तुकड्यावर ही परीक्षा कशी घ्यावी याची नीट पद्धत मांडली, ती त्या वर्षी बुडापेस्टला भरलेल्या पदार्थ-परीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे आली. १९०३ मध्ये इंग्लंडच्या आयझॉड यांनी आपली पद्धत सांगितली. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा फरक सांगून टाकू : चार्पीत तुकडा दोन टेकूंवर आडवा असतो आणि हातोडा खाचेच्या मागच्या बाजूला बसतो. आयझॉडमध्ये तुकडा पकडीत उभा असतो आणि हातोडा खाचेच्याच बाजूने बसतो.

खाच मुद्दाम का पाडायची? त्या काळीही काहींना हे विचित्र वाटे. चांगला तुकडा आपणच खराब करायचा आणि मग तो तुटला म्हणायचं! पण खऱ्या वस्तूत खाचा असतातच : बोल्टाचे आटे, वेल्डिंगची खोट, चौकोनी भोकाचा कोपरा, छिन्नीचा ओरखडा. निर्मळ तुकड्यावरची परीक्षा आपल्याला सुखावते, खाचेच्या तुकड्यावरची परीक्षा खरं सांगते. आजचा प्रमाण चार्पी तुकडा ५५ मिलिमीटर लांब, १० बाय १० जाड आणि मध्ये २ मिलिमीटर खोल, ४५ अंशांची व्ही आकाराची खाच. आपल्या भारतीय मानकांतही हाच आहे.

याच सुमारास आणखी एक धागा विणला जात होता. १९१३ मध्ये केंब्रिजचे इंग्लिस यांनी गणिताने दाखवलं की पत्र्यातल्या भोकाचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथे ताण जास्त. १९२० च्या सुमारास फार्नबरो इथल्या विमान संशोधन संस्थेत ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून पुढचा प्रश्न सोडवला : भेग केव्हा आपसूक धावू लागते? भेग पुढे सरकली की आजूबाजूचा ताण सैल होऊन ऊर्जा सुटते, आणि नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्च होते. जमा खर्चापेक्षा जास्त झाली, की भेगेला बाहेरून ढकलावं लागत नाही. काच कापणारा हिऱ्याने एक रेघ मारतो आणि हलकेच दाबतो, बाकीचं काम काच स्वतः करते. ते हेच.

म्हणजे १९२५ पर्यंत यंत्र होतं, पद्धत होती, बरंचसं गणितही होतं. तरीही जहाजं तुटली. का, ते आता पाहू.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या. त्याहून वेगाने जहाजं बांधायची, हा अमेरिकेचा उपाय. त्यातून लिबर्टी जहाजं आली. १९४१ ते १९४५ या काळात २,७१० बांधली गेली. एक तर प्रसिद्धीसाठी म्हणून पाच दिवसांच्या आत उभं केलं होतं. हा वेग वेल्डिंगमुळे शक्य झाला. आधी पत्रे रिव्हेट ठोकून जोडत, आता ते वितळवून एकजीव केले जाऊ लागले.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगॉन राज्यात पोर्टलंडच्या धक्क्याला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज बांधून ठेवलेलं होतं. ते लिबर्टी नव्हतं, टी-२ जातीचं होतं, पण तसंच वेल्ड केलेलं. लांबी दीडशे मीटरहून जास्त. समुद्रचाचणी नुकतीच झालेली. पाणी शांत. हवा शून्याखाली तीन अंशांच्या आसपास, पाणी चार अंश. अचानक प्रचंड आवाज झाला, मैलभर लांब ऐकू गेला. जहाज मधोमध डेकपासून खालपर्यंत फाटलं. तळाचे पत्रे तेवढे शिल्लक राहिले आणि दोन्ही टोकं पाण्यात टेकून मधला भाग वर आला. वादळ नव्हतं, टक्कर नव्हती, पाणबुडीही नव्हती. डेकवरचा ताण पोलादाच्या ताकदीच्या मानाने बराच कमी होता.

एकटं हे जहाज नव्हतं. युद्धकाळातल्या या वेल्ड केलेल्या जहाजांत मोठ्या ठिसूळ भेगांचे सुमारे दीड हजार प्रकार नोंदले गेले. बारा जहाजांचे चक्क दोन तुकडे झाले, त्यातली तीन लिबर्टी. जॉन पी. गेन्स हे जहाज १९४३ च्या नोव्हेंबरात असंच तुटून बुडालं आणि दहा माणसं गेली.

पहिला संशय साहजिकच वेल्डिंगवर आला. घाईत भरती केलेले नवे कामगार, कच्चे जोड. यात तथ्यही होतं, कारण अनेक भेगा खराब जोडापासून किंवा माल उतरवायच्या चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यापासून निघाल्या होत्या. म्हणजे खाच होतीच. पण खाच असली म्हणून पोलादाने काचेसारखं का तुटावं? ब्रिटनच्या बाजूने हा प्रश्न केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी हाती घेतला. धातूंचे स्फटिक कसे वाकतात आणि तुटतात यावर त्यांनी आधीची बरीच वर्षं घालवली होती. त्यांनी दाखवलं की या जातीचं पोलाद ठराविक तापमानाच्या वर चिवट असतं आणि त्याखाली ठिसूळ होतं, आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात जहाजं त्या उंबरठ्याच्या खाली जात होती. वेल्डिंगचा दोष दुसराच होता. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्यातली भेग पत्र्याच्या कडेशी येऊन थांबे. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे सलग एकच पत्रा. भेग सुटली की वाटेत तिला थांबवणारं काही नाही. टिपर बाईंच्या नावाची चाचणीही आहे. १९४९ मध्ये केंब्रिजने त्यांना रीडर केलं. १९९५ साली, एकशेएक वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने तुटलेल्या जहाजांचे पत्रे गोळा केले आणि त्यांचे तीन गट केले : भेग जिथे सुरू झाली ते, भेग ज्यातून आरपार गेली ते, आणि भेग जिथे थांबली ते. मग चार्पीचं यंत्र पुढे आलं. प्रत्येक पत्र्याचे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना तोडले. ताणून पाहिलं असतं तर सगळे पत्रे पास झाले असते. पण जहाज तुटलं त्या दिवशीच्या तापमानाला चार्पी चाचणी घेतली, की गट वेगळे दिसू लागले. भेग सुरू झालेल्या पत्र्यांनी सर्वांत कमी ऊर्जा खाल्ली आणि थांबवणाऱ्यांनी जास्त. यातून त्या पोलादासाठी १५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे २० ज्यूल, हा निकष पुढे आला. २० ज्यूल म्हणजे दोन किलोचं वजन एक मीटरवरून पडण्याएवढी ऊर्जा. सेवेतल्या सर्वांत थंड दिवशी तेवढी तरी हवी.

आता आपल्या जर्नलकडे वळू. या तपासात ज्यूलचा आकडा एकटा काहीच सांगत नव्हता. अमुक तापमानाला अमुक ज्यूल, असं म्हटल्यावर तो बोलू लागला. चार्पीचं यंत्र १९०१ पासून होतं, पण जहाजाचा पत्रा घेताना तापमानासह ती परीक्षा कुणी मागत नव्हतं. पत्रा किती ताण सोसतो आणि किती वाकतो, एवढं पाहून तो पास होई. तो रकाना फॉर्ममध्येच नव्हता.

आणि एकदा कळलं म्हणजे कायमचं कळलं, असंही होत नाही. १० जुलै १९६२ रोजी, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा किंग स्ट्रीट पूल एका ४५ टनी वाहनाखाली खचला. पूल जेमतेम वर्षाचा होता. तुळयांना खालून वेल्ड केलेल्या पट्ट्यांच्या टोकांशी बारीक भेगा आधीच होत्या, पोलाद थंडीत ठिसूळ होतं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. जहाजांचा धडा छापून येऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती.

तुमच्यापैकी काहींच्या मनात टायटॅनिक आलं असेल. तळातून काढलेल्या तिच्या पत्र्यावर चार्पी चाचण्या झाल्या आहेत आणि बर्फाच्या पाण्याच्या तापमानाला ते पोलाद ठिसूळ ठरलं. पण एवढ्यावरून खराब पोलादाने जहाज बुडालं असं म्हणणं घाईचं होईल. तिच्या रिव्हेटांकडेही संशोधकांनी बोट दाखवलं आहे, आणि १९१२ च्या मानाने तिचं पोलाद काही वाईट नव्हतं. विद्यार्थ्यांना हेही सांगायला हवं, की एका चाचणीने सगळ्या अपघाताचा उलगडा होत नाही. चार्पीचा आकडा दोन पदार्थांची किंवा दोन तापमानांची तुलना करायला उत्तम. त्यावरून थेट पुलाची तुळई काढता येत नाही, कारण तुकड्याचा आकार बदलला की आकडाही बदलतो. किती लांबीची भेग किती ताणाला धावेल हे मोजायला अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेतल्या आयर्विन यांनी १९५० च्या दशकात ग्रिफिथचा धागा पुढे नेला, तो अभ्यासक्रमात स्वतंत्र येतो.

मग शिकवायचं कसं? आमच्या अनुभवातून एक पद्धत सांगतो. खर्च जवळजवळ नाही. एकाच सळईतून कापलेले तीन तुकडे घ्या. एक उकळत्या पाण्यात, एक टेबलावर, आणि एक बर्फ आणि खडे मीठ घातलेल्या भांड्यात ठेवा. पॉट आईस्क्रीम ज्यांनी फिरवलं आहे त्यांना माहीत आहे, बर्फात मीठ घातलं की पारा शून्याच्या बराच खाली जातो. दहा-पंधरा मिनिटांनी एकेक तुकडा चिमट्याने काढायचा आणि पाच सेकंदांच्या आत हातोडा सोडायचा, नाहीतर तुकडा लॅबच्या हवेला येतो. जाळीच्या आत हात जाता कामा नये, हे आधी दहा वेळा सांगायचं.

हातोडा सोडायच्या आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा : तिघांपैकी कोण सर्वांत कमी ऊर्जा खाईल आणि त्याचं तोंड कसं दिसेल. मग तोडायचं. मग तुकडे हातात घेऊन पाहायचे. चिवट तुटलेलं तोंड करडं, मळकट, खरबरीत असतं आणि तुकड्याच्या कडा फुगलेल्या असतात. ठिसूळ तुटलेलं तोंड सपाट असतं आणि खडीसाखरेसारखं चकाकतं. काही तुकड्यांत मध्यभागी चकाकी आणि कडेला करडेपणा, दोन्ही मिळतात. कधी कधी बर्फातला तुकडाही चिवटच तुटतो, कारण आजची कित्येक पोलादं जुन्यापेक्षा बरीच चांगली आहेत. तो प्रयोग फसला असं समजू नये. अंदाज चुकला की विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःहून विचारतो, सर, असं का झालं? त्या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप.

एकदा तर आमचाच अंदाज चुकला. मीठ घातलेल्या भांड्यातला तुकडा टेबलावरच्यापेक्षा जास्त ऊर्जा खाऊन गेला. आम्ही यंत्राला दोष देऊन मोकळे होणार, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने दोन्ही तुकड्यांच्या खाचा नखाने चाचपून पाहिल्या. एक खाच जुन्या, बोथट झालेल्या कटरने पाडलेली होती. खाचेचं टोक गोल झालेलं, म्हणून ताण एकवटलाच नाही. त्या दिवशी खाचेवरचं व्याख्यान आम्हाला द्यावं लागलं नाही, तिने दिलं.

शेवटचं सांगून थांबतो. महाराष्ट्रात बसून थंडीने पोलाद तुटण्याची भीती कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपले विद्यार्थी फक्त इथे काम करत नाहीत. कुणी लडाखमधल्या पुलावर जाईल, कुणी नॉर्वेच्या तेलविहिरीवर, कुणी द्रवरूप वायूच्या टाकीवर, जिथलं तापमान शून्याखाली दीडशे अंशांच्याही खाली असतं. पुरवठादाराचं प्रमाणपत्र समोर येईल. त्यात ज्यूलचा आकडा असेल आणि तो छान मोठा असेल. त्या क्षणी सही करण्याआधी, हा आकडा किती तापमानाला घेतला, असं त्याने विचारावं. ते त्याला तेव्हाच सुचेल, जर कॉलेजच्या वहीत तो रकाना त्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने भरला असेल.

म्हणून आम्ही आता जर्नलच्या पानावर दोन रकाने जास्तीचे आखून देतो. एक तापमानाचा, जो टिपर बाईंनी आणि त्या जहाजांनी दिला. दुसरा, तोंड कसं दिसलं याचा, जो कर्कॅल्डीने १८६२ लाच दिला होता. इथे जे शिक्षक बसले आहेत, त्यांना विनंती एवढीच की उद्या लॅबमध्ये गेल्यावर पट्टी घ्यावी आणि ते दोन रकाने आखावेत. थर्मामीटर तर प्रत्येक कॉलेजात असतोच.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. तुटलेले तुकडे टेबलावर ठेवले आहेत, जाताना हातात घेऊन बघा.